डोलवी ते लंडन : एक जमाखर्च

अंतराची नेहमी दोन खाती असतात. एक कावळ्याचे, दुसरे एसटीचे. पेण तालुक्यातल्या डोलवीहून मुंबईचा कोट कावळ्याला साधारण ३५ किलोमीटर, माणसाला मात्र रस्त्याने ८०च्या आसपास. मधली खाडी कावळ्याच्या हिशेबातच येत नाही. एसटीला ती वळसा घालून व्याजासकट फेडावी लागते.

मुंबई ते लंडन हे अंतर कावळ्याच्या खात्यावर सुमारे ७,२०० किलोमीटर. इंग्रज आले तेव्हा तेवढेच होते, गेले तेव्हाही तेवढेच. बदलला तो वेळ. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे, त्याला चार-पाच महिने लागत. साहेबाने बदलीचा हुकूम घेऊन निघावे आणि तो पोहोचेपर्यंत हुकूम काढणारा निवृत्त व्हावा! १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मामला काही आठवड्यांवर आला.

पुढे विमान आले. १९२९ साली इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास. पण त्यात बाझल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीचा! विमानाचे तिकीट काढून रेल्वेत बसायचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीची टपाल आपल्या छोट्या विमानातून मुंबईला आणली आणि पुढची कडी जोडली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघाले. आज थेट विमानाला नऊ-दहा तास पुरतात.

म्हणजे महिन्यांचे तास झाले. डोलवीच्या बाजूला काय झाले? मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि बारा वर्षांनंतरही पुरे झाले नव्हते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. रस्ता काही डोलवीकडे लवकर येईना, तेव्हा विमानतळच चार पावले पुढे आला म्हणायचे.

पण मुलगा लंडनला असला की आई-बाप नकाशा बघत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच : बोलावले तर वेळेवर पोहोचेल ना? जहाजाच्या काळात या प्रश्नाला उत्तरच नव्हते. बोलावणे महिन्यांनी कळे आणि माणूस आणखी महिन्यांनी येई. तोवर इकडचे सगळे उरकलेले. आता उत्तर आहे. फक्त ते ‘दहा तास अधिक वडखळ नाका’ असे द्यावे लागते, आणि त्यातली दुसरी रक्कम कुणालाच आधी सांगता येत नाही.

म्हणून डोलवीची आई लंडनहून विमान सुटले म्हणून तांदूळ धूत नाही. विमान मुंबईत उतरले तरी नाही. ‘आई, पेण सोडलं गं’ असा फोन आला, की मग कुकर चढतो.