दोन भूतकाळांची कुळकथा

स्पेनचा राजा दुसरा फेलिपे 1556 ते 1598 अशी 42 वर्षे गादीवर होता. त्याने 42 वर्षे राज्य केले, हे स्पॅनिशमध्ये सांगताना क्रियापद येते 'रेइनो'. हा पूर्ण भूतकाळ, म्हणजे प्रेतेरितो. उलट, दिवे गेले तेव्हा बारा वाजले होते, हे सांगायचे असेल तर घड्याळाची वेळ 'एरान लास दोसे' अशी अपूर्ण भूतकाळात, म्हणजे इम्पेर्फेक्तोत सांगावी लागते. बाराचा ठोका क्षणाचा, तरी तो अपूर्ण; राज्य चार दशकांचे, तरी ते पूर्ण. स्पॅनिश शिकणाऱ्याला मात्र सुरुवातीलाच पढवले जाते की झटपट झालेली गोष्ट प्रेतेरितोत आणि बराच काळ चाललेली इम्पेर्फेक्तोत. हा नियम सोपा आहे, पाठ व्हायला हलका आहे आणि मुळातच चुकीचा आहे. या दोन काळांतली निवड घड्याळ किंवा दिनदर्शिका पाहून होत नाही. बोलणारा त्या घटनेची हद्द ऐकणाऱ्याला दाखवतो आहे की ती नजरेआड ठेवून आपल्याला घटनेच्या आत उभे करतो आहे, एवढाच प्रश्न असतो. हे माझे मत म्हणून सोडून देता येईल. पण या काळांचे कूळ तपासले तर तेही हीच साक्ष देते.

इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात रोमन पंडित वार्रो याने लॅटिन क्रियापदाचे दोन भाग पाडले: इन्फेक्तुम, म्हणजे न झालेले, आणि पेर्फेक्तुम, म्हणजे पुरे झालेले. दोन्ही भागांत वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन-तीन काळ. ही विभागणी नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. लॅटिनचा अपूर्ण भूतकाळ हा पूर्ण भूतकाळाचा सख्खा भाऊ नव्हेच. त्याची घरोब्याची जागा वर्तमानकाळाशेजारी आहे. त्याचे अंगही वर्तमानकाळाचेच असते, आणि पूर्ण भूतकाळाचे अंग वेगळे. म्हणजे इम्पेर्फेक्तो हा मागे नेलेला वर्तमान आहे. चालू क्षणाला जसा शेवट दिसत नाही, तसा त्यालाही दिसत नाही. पुढे 18 ऑगस्ट 1492 रोजी सालामान्का येथे आन्तोनिओ दे नेब्रिखाचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापून पूर्ण झाले. त्याने लॅटिन नावे बाजूला ठेवून साध्या कास्तिलियनमध्ये 'संपलेला भूतकाळ' आणि 'न संपलेला भूतकाळ' अशी नावे दिली. त्यात लांबी-रुंदीचा उल्लेखही नाही. कोलंबसाची जहाजे निघून दोनच आठवडे झाले होते. जी भाषा समुद्रापार जाणार होती, तिच्या भूतकाळांची नावे तेव्हाच नेमकी पडलेली होती, आणि नंतरच्या शाळामास्तरांनी ती बिघडवली.

आता रूपांचे कूळ. ग्रीक आणि संस्कृत ज्या मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यात भूतकाळ सांगण्याच्या निदान तीन तऱ्हा होत्या. संस्कृतात त्या लङ्, लुङ् आणि लिट् या रूपांत राहिल्या. लॅटिनने दोन मोठे फेरफार केले. लुङ् आणि लिट् यांचे जे पूर्वज, ते दोन्ही तिने एकाच पूर्ण भूतकाळात मिसळून टाकले. लङ्चा पूर्वज मात्र तिने गमावला आणि त्याच्या जागी नवा अपूर्ण काळ घडवला: क्रियापदाच्या अंगाला 'होणे' या अर्थाचा धातू जोडून. हा धातू म्हणजे संस्कृतातला भू. 'मी गात होतो' याला लॅटिनमध्ये 'कान्ताबाम', स्पॅनिशमध्ये 'कान्ताबा'. त्यातला 'बा' हा त्या भूचाच अवशेष. आपल्या 'होतो', 'होता' या रूपांचा उगमही प्राकृतमार्गे भूमध्येच आहे. मराठीने आणि लॅटिनने एकमेकींना न विचारता, हजारो मैलांच्या आणि शतकांच्या अंतरावर, न संपलेली क्रिया दाखवायला एकाच धातूचा टेकू घेतला. गंमत अशी की संपलेल्या क्रियेच्या घरातही भू हजर आहे: स्पॅनिश 'फुए' म्हणजे 'तो झाला, होऊन गेला', आणि त्याचे संस्कृतातले भावंड 'अभूत्'. त्याच्या जोडीचे अपूर्ण रूप 'एरा' मात्र अस् धातूच्या घरातले.

अनियमित म्हणून रडवणाऱ्या रूपांकडेही मग वेगळ्या नजरेने पाहता येते. 'मी म्हणालो' याचे रूप आज 'दिहे', मध्ययुगात 'दिशे', लॅटिनमध्ये 'दीक्सी'. या 'क्स'ला संस्कृतातल्या 'अदिक्षत्' या लुङ् रूपातला 'क्ष' जोडीदार आहे. 'मी दिले' याचे 'दि' हे लॅटिन 'देदी'चे आखूड झालेले रूप. 'देदी'मध्ये धातूचे जे द्वित्व आहे, तेच संस्कृत 'ददौ'मध्ये. एक शब्द लुङ्च्या वंशातला, दुसरा लिट्च्या, आणि दोघे स्पॅनिशमध्ये एकाच काळाच्या तक्त्यात शेजारी बसलेले. रोजच्या तोंडातली क्रियापदे जुन्या रूपांना चिकटून राहतात, म्हणून प्रेतेरितोत अपवादांची रांग लागते. तिच्यात नंतर काही तोतयेही शिरले: 'तुवे', 'एस्तुवे', 'आन्दुवे' ही रूपे वारशाने आलेली नाहीत, ती इतरांचे पाहून केलेली नक्कल आहे. इम्पेर्फेक्तो मात्र एकाच साच्यातून नव्याने काढलेला, म्हणून सरळ. आज त्यात अनियमित क्रियापदे तीनच: असणे, जाणे आणि पाहणे. 'आबा' आणि 'ईआ' असे दोन प्रत्यय दिसतात, तेही मुळात एकाच साच्याचे. दुसऱ्यातला 'ब' झिजून गेला एवढेच. तेराव्या शतकात या 'ईआ'ऐवजी 'इए' असा उच्चार जोरात होता, पुढे तो मागे पडला.

यावर आक्षेप येईल की शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. 'बा' भूपासून आला म्हणून आजच्या माद्रिदमधला माणूस तो धातू आठवून बोलत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि रूपे तेवढी टिकून भेद बदलला असता तर मी तो मान्यही केला असता. पण घडले आहे उलटे: रूपे मेली तिथेही भेद जिवंत राहिला. बोलीतल्या फ्रेंचने लॅटिनकडून आलेले साधे पूर्ण रूप सोडून दिले आणि त्याच्या जागी सहायक क्रियापदाचे जोडरूप बसवले; अपूर्ण रूपाशी असलेला विरोध तसाच राहिला. मराठीने तर लङ्, लुङ्, लिट् हे तिन्ही गमावले. 'गेला', 'केला' ही आपली रूपे संस्कृतातल्या क्त प्रत्ययाच्या विशेषणांवरून आली. तरीही 'गेला' एका बाजूला, आणि 'जात होता', 'जात असे', 'जाई' दुसऱ्या बाजूला, ही वाटणी मराठीने पुन्हा उभी केलीच. यातले 'जाई' जुन्या मराठीत वर्तमानकाळी होते. तो रीतिभूतकाळ होऊन बसला, म्हणजे मागे नेलेला वर्तमान म्हणजे अपूर्ण भूत, हे लॅटिनचे गणित इथेही जुळले. मात्र संस्कृत शिकलेल्यांनी नावांच्या सारखेपणाला भुलू नये. पाणिनीने या तीन लकारांची वाटणी पूर्ण-अपूर्ण अशी केलेली नाही. आजची घटना की आजच्या आधीची, आणि बोलणाऱ्याने पाहिलेली की न पाहिलेली, अशी त्याची कसोटी. तिचा जवळचा नातलग स्पेनमध्ये आहे, पण तो वेगळ्याच जोडीत: आज सकाळी जेवलो तर 'ए कोमिदो', काल जेवलो तर 'कोमि'.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. 'साबीआ' म्हणजे मला ठाऊक होते आणि 'सुपे' म्हणजे मला कळले. इथे हद्दीचा प्रश्न कुठे आला, हे तर दोन वेगळे अर्थ झाले, असे अनेक पुस्तके मानतात आणि अशा क्रियापदांची वेगळी यादी पाठ करायला लावतात. या यादीची गरज 1847 मध्येच संपली होती. त्या वर्षी काराकासमध्ये जन्मलेल्या आन्द्रेस बेल्यो या पंडिताचे, अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषिकांसाठी लिहिलेले व्याकरण चिलीमध्ये प्रसिद्ध झाले. बेल्योने क्रियापदांचे दोन वर्ग केले: पूर्ण होताच संपणारी, आणि पूर्ण झाल्यावरही चालू राहणारी. जन्मणे, मरणे पहिल्या वर्गातली. जाणणे, पाहणे दुसऱ्या. दुसऱ्या वर्गातल्या क्रियेला एक हद्द नक्कीच असते, ती म्हणजे तिची सुरुवात. ठाऊक असणे ही स्थिती जिथे सुरू होते तो क्षण म्हणजे कळणे. 'सुपे' ती हद्द दाखवतो, 'साबीआ' दाखवत नाही. अर्थ एकच, पाहण्याची जागा दोन.

खरी अडचण येते ती वर्तमानपत्री शैलीत. कवी रुबेन दारिओ 6 फेब्रुवारी 1916 रोजी निकाराग्वातल्या लेओन शहरात वारला. मृत्यूइतकी स्वच्छ हद्द दुसऱ्या कशाला असेल? तरीही चरित्रलेखक 'फेब्रुवारी 1916 मध्ये लेओन येथे मोरिआ रुबेन दारिओ' असे अपूर्ण काळात लिहू शकतो, आणि ते चूक मानले जात नाही. मग सिद्धान्त कोसळला का? मला तसे वाटत नाही. असे वाक्य तारखेच्या आधारावर उभे असते. तारीख काढली की 'मोरिआ'चा अर्थ 'मरत होता' असा होतो. लेखक इथे हद्द असूनही ती मुद्दाम पुसतो, वाचकाला त्या दिवसाच्या आत नेतो, आणि हा परिणाम साधतो तोच मुळी नियम पक्का असल्यामुळे. चहाकॉफीच्या दुकानात 'मला कॉफी हवी' याऐवजी 'केरिआ उन काफे' म्हणणारा गिऱ्हाईकही हेच करतो. इच्छा आताची, काळ मागचा, शेवट मोकळा. ऐकणाऱ्यावर दडपण नाही. आपण 'जरा विचारायचं होतं' म्हणतो तेव्हा ही युक्ती आपणही वापरतोच.

उरला शिक्षकांचा आक्षेप: सिद्धान्त खरा असेल, पण नवशिक्याला खुणेचे शब्द लागतात, 'काल' आला की प्रेतेरितो, 'नेहमी' आला की इम्पेर्फेक्तो. पण 'नेहमी' हा शब्द ठेवूनही 'तो सदैव प्रामाणिक राहिला' या अर्थी 'सिएम्प्रे फुए ओन्रादो' हे चोख स्पॅनिश आहे, आणि 'काल मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता' यात 'काल' असूनही पाऊस 'योविआ' असाच. दर दुसऱ्या परिच्छेदात मोडणारी खूण पाठ करून घेण्यात वेळ जातो, शिवाय ती नंतर विसरायलाही लागते. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे नुकसान त्याहून मोठे, कारण त्याला 'गेला' आणि 'जाई' हा भेद घरातच मिळालेला असतो आणि तो बाजूला ठेवून परक्या नियमांची काठी धरावी लागते. त्याने जपायचे ते एका जागी: आपला 'होता' दोन्हीकडे चालतो. 'तो वीस वर्षे राजा होता' यात 'फुए' हवा. 'तेव्हा तो राजा होता' यात 'एरा'.

नावांचा घोळही थोडा निस्तरला आहे. स्पॅनिश अकादमी जुन्या व्याकरणात पूर्ण भूतकाळाला 'अनिश्चित' म्हणत असे, ज्याची हद्द सर्वांत निश्चित त्याला. बेल्योने अपूर्ण काळाला 'कोप्रेतेरितो', म्हणजे सहभूत, असे नाव दिले: भूतकाळातल्या दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीने असणारा. हद्द न दाखवलेल्या क्रियेला टेकायला दुसरी घटना किंवा वेळ लागतेच, म्हणून ते नाव मला सर्वांत नेमके वाटते. मेक्सिकोच्या शाळांत आजही तेच शिकवतात, आणि अकादमीच्या 2009 च्या नव्या व्याकरणात ते रूढ नावाच्या शेजारी दिलेले आहे.