मथळ्यातून गळालेलं ‘म्हणे’

आमचे अब्बा पेपर मोठ्यानं वाचायचे. बातमीत ‘म्हणे’, ‘असे समजते’, ‘पोलिसांचे म्हणणे’ असं काही आलं की क्षणभर थांबायचे आणि मग पुढं जायचे. पुढं मी एका छोट्या दैनिकात मुद्रितं तपासायला लागलो, तेव्हा त्या थांबण्याचा अर्थ कळला. मथळ्यात जागा अपुरी असते आणि पहिली काट ‘म्हणे’वर पडते.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या बाबतीत ही काट फार महाग पडली.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी आत जायच्या वाटा मोजक्या आणि अरुंद. बाहेर गर्दी तुंबली, तेव्हा पोलिसांनी एक मोठं दार उघडायला लावलं. पण आत शिरलेल्या लोकांना आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडून दुसरीकडे कुणी वळवलं नाही. पुढे लोखंडी जाळी. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. सहा मिनिटांत सामना थांबला. मृतांचा आकडा कालांतरानं ९७ वर गेला. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

बंदोबस्ताच्या प्रमुखानं त्याच दुपारी सांगून टाकलं, की दार प्रेक्षकांनीच बळजबरीनं उघडलं. हे खोटं होतं. पण आधी ते रेडिओ-टीव्हीवरून जगभर गेलं. रेडिओवर बोलताना हे सांगायलाच हवं.

मग शेफिल्डच्या एका वृत्तसंस्थेनं काही पोलीस आणि एक खासदार यांच्या सांगण्यावरून आरोप पुरवले. ते अनेक पत्रांनी छापले. ‘द सन’नं मात्र १९ एप्रिलला पहिल्या पानावर भल्या थोरल्या टाइपात दोन शब्द छापले : ‘द ट्रुथ’. म्हणजे सत्य! खाली काय, तर प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, तोंडानं श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. बातमी लिहिणारे हॅरी अर्नोल्ड यांनी पुढं सांगितलं, की आपण हे आरोप म्हणूनच लिहिलं होतं आणि मथळा पाहून हादरलो. मथळा होता संपादक केल्विन मॅकेन्झी यांचा.

लिव्हरपूलकरांनी अंक जाळले, विकत घेणं सोडलं. तिथल्या कितीतरी दुकानांत तो पेपर आजही ठेवत नाहीत. संघाचे व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश यांनी आठवण सांगितली आहे, की मॅकेन्झींनी यावर उपाय काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सुचवलं : आम्ही खोटं बोललो, एवढंच छापा, पण तेवढ्याच मोठ्या टाइपात. मुद्रितं तपासलेल्या माणसाला यातली मेख चटकन कळते. चूक पहिल्या पानावर होते आणि खुलासा आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत येतो.

न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मध्येच अंतरिम अहवालात सांगितलं होतं, की मुख्य कारण पोलिसांचं गर्दीवरचं नियंत्रण सुटणं हे होतं. पण अहवाल कोण वाचतो? मथळा लक्षात राहतो. मुलं गमावलेल्या आई-बापांना वर्षानुवर्षं मुलांच्या चारित्र्याची ग्वाही देत फिरावं लागलं.

सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र मंडळानं कागद खुले केले. पोलिसांच्या १६४ जबान्यांत मोठे फेरफार झाले होते. त्यांतल्या ११६ जबान्यांतून पोलिसांवरची टीका काढली किंवा बदलली होती. दुसऱ्या दिवशी ‘सन’नं पहिल्या पानावर ‘द रिअल ट्रुथ’, म्हणजे खरं सत्य, असं छापून माफी मागितली. सत्याला ‘खरं’ हे विशेषण लावायची पाळी आलेला मथळा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मृत्यूंच्या फेरचौकशीत ज्युरीनं निकाल दिला : हे बेकायदा मनुष्यवध आहेत, प्रेक्षकांचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्या बहुतेक पत्रांच्या पहिल्या पानावर हीच बातमी होती. ‘सन’च्या पहिल्या पानावर नव्हती, ती आत टाकली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबनं त्या पत्राच्या वार्ताहरांना आपल्या मैदानाची आणि सरावाच्या जागेची दारं बंद केली.