पंचविशीनंतर पाटी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर लिही, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी गडबडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण एका बाईची हकीगत माझ्या मनात फार दिवस घर करून बसली आहे, तीच सांगते.

पार्वतीबाई आठवले. जन्म 1870 चा, देवरुखच्या जोश्यांच्या घरचा. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया या त्यांच्या धाकट्या की थोरल्या बहीण, यावर आमच्याकडे एकदा वाद झाला होता, बाया थोरल्या. पार्वतीबाईंना विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी एक मुलगा. डोक्यावरचे केस गेले, अंगावर आलवण आले. अशा बाईने पुढे काय करायचे, ते त्या काळी ठरलेलेच असे: माहेरी नाहीतर सासरी चुलीपाशी राबायचे आणि कुणी विचारू नये म्हणून गप्प बसायचे.

अण्णासाहेबांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. पार्वतीबाईंनी पाटी हाती घेतली ती पंचविशी उलटल्यावर. ज्या वयात आपण मुलांचा अभ्यास घेतो, त्या वयात स्वतः मुळाक्षरे गिरवायची! लाज किती वाटली असेल, ते आपल्यासारख्यांनाच कळेल.

पुढे त्या आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गावोगाव फिरून निधी गोळा करू लागल्या. परक्या दारी उभे राहून पैसे मागायचे आणि मुली शिकवायला का हव्यात, हेही समजावून सांगायचे. व्याख्यान देणे त्यांना कुणी शिकवले नव्हते. 1912 साली त्यांनी केशवपन सोडून केस राखले. गावात त्यावरून काय काय बोलले गेले असेल, ते लिहायला नको.

परंतु मला खरे नवल वाटते ते यानंतरचे. 1918 साली, पहिले महायुद्ध अजून चालू असताना, अठ्ठेचाळीस वर्षांच्या पार्वतीबाई अमेरिकेस निघाल्या. इंग्रजी नीटसे येत नव्हते, तेच शिकायचे होते. तिकडे त्या लोकांच्या घरी घरकामाला राहिल्या. आश्रमासाठी सभा गाजवणारी बाई तिथे परक्यांची भांडी घासू लागली! कुणी म्हणेल, ही अधोगती. मला तसे वाटत नाही. तेच काम आपण घरी जन्मभर करतो आणि त्याला कुणी काम म्हणत नाही; तिथे त्याचा पगार मिळत होता आणि बोलता बोलता भाषाही येत होती. 1920 साली त्या परतल्या. पुढे 1928 मध्ये त्यांनी ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिले.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. स्त्रीने मुख्यतः चांगली पत्नी आणि चांगली माता व्हावे, असे त्यांचे मत होते. स्वतः मात्र समुद्र ओलांडून गेल्या! भगिनींनो, माणसाचे बोलणे एक आणि पाय भलतीकडेच चालतात, असे कधी कधी होते.

पुण्याला 1909 साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले, तिथेही प्रौढ बायका शिकायला येत. घरचे जेवणखाण उरकून दुपारी वर्गात बसायचे. आपले मंडळही दुपारीच भरते, ते काही उगीच नव्हे.

आता सांगायला हरकत नाही. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी मी करून आले आहे. घरी अजून फक्त धाकटीला ठाऊक होते, आता छापून आल्यावर सर्वांना कळेल. त्यासाठी गावच्या शाळेतून दाखला मागवला, तो गेल्या आठवड्यात आला. त्यावर माझे माहेरचे नाव आहे. लग्न झाल्यापासून ते मी कुठेच लिहिले नव्हते.