उकडा तांदूळ

उकडा तांदूळ : भात (साळी) तुसासकट भिजवून, वाफवून व वाळवून नंतर सडले म्हणजे मिळणारा तांदूळ. बंगाल, ओडिशा, तमिळनाडू व केरळ या प्रदेशांत, तसेच कोकण व गोवा येथे तो पूर्वापार वापरात आहे. टिकाऊपणा व सडण्यातील सुलभता यांसाठी रूढ असलेल्या या प्रक्रियेचे आरोग्यदृष्ट्या महत्त्व मात्र विसाव्या शतकातच उमगले.

भिजताना दाणा पाणी शोषून फुगतो. वाफवताना त्यातील स्टार्चाचे कण फुगून एकमेकांत मिसळतात (जिलेटिनीकरण) व दाण्यातील बारीक भेगा सांधल्या जातात. त्यामुळे वाळल्यावर दाणा टणक, अर्धपारदर्शक व किंचित पिवळसर होतो, सडताना कमी तुटतो आणि शिजल्यावर मोकळा राहतो. हे बदल मुख्यतः भौतिक होत. त्याचवेळी कोंडा व अंकुर यांतील थायामीन (ब१ जीवनसत्त्व) पाण्यात विरघळून दाण्याच्या गाभ्यात शिरते. त्यामुळे पुढे गिरणीत कोंडा काढून टाकला, तरी त्याचा बराचसा अंश तांदळात उरतो.

घरी उखळात सडलेल्या कच्च्या तांदळावरही थोडा कोंडा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्नेय आशियात वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या वाढल्या व पांढराशुभ्र तांदूळ सर्वत्र मिळू लागला. सैनिक, कैदी व खाणमजूर यांचे तर ते प्रमुख अन्न झाले. त्यांच्यातच बेरीबेरी हा रोग फैलावला. त्यात हातापायांना बधिरता व पक्षाघात येतो, अंगावर सूज चढते आणि हृदयक्रिया बंद पडून मृत्यूही ओढवतो. हा रोग संसर्गजन्य असावा, असा त्या काळी पुष्कळांचा समज होता.

जपानी नौदलातील वैद्य ताकाकी कानेहिरो (१८४९–१९२०) यांनी १८८४ मध्ये एका जहाजावरील आहार बदलून हा रोग जवळजवळ नाहीसा केला. मात्र प्रथिनांची उणीव हे त्याचे कारण होय, असे त्यांना वाटले. जावा बेटातील बटाव्हिया (सध्याचे जाकार्ता) येथे क्रिस्तीआन आइकमान (१८५८–१९३०) यांना १८९० च्या सुमारास असे आढळले की, पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना तशाच प्रकारचा पक्षाघात होतो व असडी तांदळाने त्या बऱ्या होतात. पांढऱ्या तांदळात विष असून कोंड्यात त्यावरील उतारा असावा, असा तर्क त्यांनी केला. त्यांचे सहकारी गेरिट ग्रेन्स (१८६५–१९४४) यांनी १९०१ मध्ये हा तर्क बाजूला सारून, कोंड्यातील एका आवश्यक घटकाच्या अभावामुळे रोग होतो, असे प्रतिपादन केले.

मलायात उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर या रोगापासून मुक्त राहत, तर पांढरा तांदूळ खाणारे चिनी खाणमजूर त्याला बळी पडत. विल्यम फ्लेचर यांनी क्वालालुंपुर येथील मनोरुग्णालयात १९०५–०६ मध्ये रुग्णांचे दोन गट करून एकाला कच्चा पांढरा व दुसऱ्याला उकडा तांदूळ दिला. पहिल्या गटातील १८ रुग्ण बेरीबेरीने दगावले. दुसऱ्या गटात या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. जागेतील संसर्गाची शंका फेडण्यासाठी दोन्ही गटांच्या खोल्यांची अदलाबदल करण्यात आली, तरी निष्कर्ष बदलला नाही. रोग जागेत नसून अन्नात होता, हे यावरून दिसले. आज असा प्रयोग नीतीला धरून मानला जाणार नाही. कारण तांदूळ निवडण्याचा अधिकार त्या रुग्णांना नव्हता.

कोंड्यातील हा घटक १९२६ मध्ये बटाव्हिया येथे स्फटिकरूपात वेगळा करण्यात आला. रॉबर्ट विल्यम्स यांनी १९३६ मध्ये त्याची संरचना निश्चित करून त्याचे संश्लेषण केले. आइकमान यांना १९२९ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला होता. भारतात कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी १९३५ नंतर तांदळाचा अभ्यास केला. मद्रास इलाख्यात बेरीबेरी मुख्यतः उत्तरेकडील किनारी जिल्ह्यांत, म्हणजे गिरणीचा कच्चा तांदूळ खाणाऱ्या लोकांत आढळे.

तांदूळ वारंवार धुतल्याने, शिजवून पेज ओतून दिल्याने किंवा शिजवताना सोडा घातल्याने थायामीन घटते. धुताना होणारी ही हानी उकड्या तांदळात कमी असते. कोकणात पेज टाकून न देता भाताबरोबर खाण्याची रीत आहे. तीमुळे पाण्यात उतरलेले थायामीनही पोटात जाते.