मिरी की मिरची? एका पेल्यातल्या तिखटाचा माग

दिवेआगरला एखाद्या वाडीत शिरलात, तर तिखट कॉकटेलचं बरंचसं सामान हाताशी सापडतं. पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, विहिरीजवळ लिंबाचं झाड, परसात मिरचीची रोपं, घरात कोकमाचं आगळ. पेल्यात दोन चमचे आगळ, लिंबू, साखर, मीठ आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची घाला, वरून सोडा ओता. झालं! यात फेणी घातली तर मिरची लवकर काढा. तिच्यातलं कॅप्सेसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, मद्यार्कात मात्र सहज उतरतं.

हा पेला बघून मी प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात ठोकून दिलं, की कोकणात बागेतल्या तिखटाचं मद्य शेकडो वर्षं चालत आलंय. मार्गदर्शकांनी समासात तीनच शब्द लिहिले: मिरी की मिरची? त्या तीन शब्दांत माझं अख्खं पान गेलं. कसं, ते बघा.

मिरी आपल्याकडची, पश्चिम घाटातली. मिरची अमेरिकेतली; ती पोर्तुगीजांच्या काळात, म्हणजे १४९८ नंतर इथे आली. दिवेआगरचा प्रसिद्ध ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. त्या काळच्या आगरात मिरचीचं रोप असणं शक्यच नव्हतं. पण नव्या तिखटाला आपण जुन्याच तिखटाच्या नावावरून नाव दिलं. इंग्रजीतही दोन्हींना ‘पेपर’च म्हणतात. त्यामुळे जुन्या कागदात ‘पेपर’ दिसला, की आपल्या डोळ्यांपुढे आजची मिरची उभी राहते. फसगत होते ती इथेच.

माझा दुसरा आधार होता ‘पंच’ हे पेय. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर फिरला. गोव्याजवळच्या नेरुळच्या दारूपासून इंग्रज ‘पंच’ करतात आणि पाच जिन्नसांवरून ते नाव पडलं, असं तो सांगतो. पाच म्हणजे त्यात मसाला असणारच, असं मी धरून चाललो. मग आधीचे प्रवासी काढून वाचले. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या जर्मन मांडेल्स्लोच्या वर्णनात जिन्नस चारच: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. १६५३ मध्ये छापलेल्या पुस्तकात फ्रेंच प्रवासी बुलये-ल-गूझ पाच देतो, पण त्यातला मसाला जायपत्री आणि पाचवा जिन्नस भाजलेलं बिस्किट! ना मिरी, ना मिरची. शिवाय ‘पंच’ हा शब्द १६३२ च्या एका इंग्रजी पत्रातही आहे. म्हणजे फ्रायरची ‘पाच’वाली व्युत्पत्ती शब्द रूढ झाल्यावर चाळीसेक वर्षांनी लिहिलेली आहे. ती खरी असेलही, पण तेवढ्यावर पाककृती सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट. हे तिघेही युरोपीय, आणि त्यांची वर्णनं सुरतेची नि गोव्याची. दिवेआगर दोन्हींच्या मध्ये येतं म्हणून ती दिवेआगरला लागू करणं, हा नकाशावरचा न्याय झाला, इतिहासातला नव्हे.

शेवटी पान फाडलं आणि दोन ओळी ठेवल्या: आजच्या वाडीत हे पेय असं करतात, आणि त्यातली मिरची पोर्तुगीजांच्या आधीची असूच शकत नाही. पान गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण या दोन ओळी कुणीही तपासल्या तरी टिकतील.

तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहीत असाल, तर आजच एक करून बघा. ‘परंपरेनं’, ‘पूर्वापार’, ‘शेकडो वर्षं’ हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे पेन्सिलीने खूण करा. मग त्यातल्या प्रत्येक वस्तूला विचारा: तू इथे कधी आलीस, आणि तेव्हा तुझं नाव काय होतं? ज्या वाक्याला उत्तर देता येणार नाही, ते काढून टाका. व्हायव्हात दुसऱ्याने काढण्यापेक्षा हे बरं.