आधी उच्चार की आधी अर्थ? : विद्यासागरांचे 'वर्णपरिचय' आणि बंगालमधील प्रारंभिक वाचनशिक्षण

प्रस्तावना
लहान मुलाला वाचायला शिकवताना तीन गोष्टी एकदम समोर येतात: अक्षराचा ध्वनी, शब्दाचे लेखन आणि शब्दाचा अर्थ. त्यांचा क्रम कोणता असावा, हा वाद आजही संपलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आपण या टिपणात पाहू.

पार्श्वभूमी : पाठशाळेतील पद्धत
विल्यम अ‍ॅडम यांनी १८३५ ते १८३८ या काळात बंगाल व बिहारमधील देशी शिक्षणावर अहवाल सादर केले. त्यांत पाठशाळेतील शिक्षणाचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिले सुमारे दहा दिवस मूल काडीने जमिनीवर अक्षरे गिरवी. त्यानंतर अडीच ते चार वर्षे ताडपत्रावर लेखन चाले. गुरुजी लोखंडी लेखणीने अक्षर कोरून देत आणि मूल त्यावरून बोरूने, कोळशाच्या शाईने गिरवी. ही शाई सहज पुसता येई. पुढे केळीचे पान व शेवटी कागद येई. जोडाक्षरे, स्वरचिन्हे, माणसांची नावे, जातींची, नद्यांची व पर्वतांची नावे हे सर्व ताडपत्राच्या टप्प्यातच शिकवले जाई. थोडक्यात, येथे वाचन हे लेखनाच्या मागून येत असे. मुलाच्या हाती छापील पुस्तक नसे.

छापील प्राथमिक पुस्तकांचा काळ
छापखाने वाढले तशी ही स्थिती बदलली. मदनमोहन तर्कालंकार यांचे 'शिशुशिक्षा' विद्यासागरांच्या आधीचे. विद्यासागर व तर्कालंकार यांनी १८४७ मध्ये मिळून संस्कृत प्रेस सुरू केला होता. 'वर्णपरिचय'चा पहिला भाग एप्रिल १८५५ मध्ये आणि दुसरा जून १८५५ मध्ये निघाला. त्याच वर्षी विद्यासागरांकडे दक्षिण बंगालमधील शाळांच्या तपासणीचे काम आले. त्यामुळे पुस्तक आणि वर्ग या दोन्ही बाजू त्यांच्या नजरेसमोर होत्या.

वर्णमालेची फेरमांडणी
परंपरेने बंगाली वर्णमालेत सोळा स्वर व चौतीस व्यंजने धरली जात. दीर्घ ऋ आणि दीर्घ लृ बंगालीत वापरात नाहीत म्हणून विद्यासागरांनी ते वगळले. अनुस्वार व विसर्ग स्वर नव्हेत म्हणून ते व्यंजनांत नेले. अशा रीतीने बारा स्वर उरले. 'क्ष' हे जोडाक्षर असल्यामुळे तेही व्यंजनांतून काढले. चंद्रबिंदूला मात्र स्वतंत्र स्थान दिले. ड, ढ, य यांचा शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी वेगळा उच्चार होतो, म्हणून त्या उच्चारांची अक्षरेही वेगळी मोजली. संस्कृतची वर्णमाला जशीच्या तशी न घेता, मूल प्रत्यक्षात जी भाषा बोलते तिच्या गरजेने वर्णमाला ठरवावी, हा यामागचा विचार होता.

तरीही उच्चार आणि लेखन यांतील अंतर उरलेच. बंगालीत श, ष, स यांचे उच्चार बहुतेक ठिकाणी सारखे होतात. न आणि ण यांचेही तसेच. शिवाय 'जल' हा शब्द 'जल्' असा उच्चारला जातो, पण 'भाल' (म्हणजे चांगला) हा 'भालो' असा. लिहिताना दोन्हींच्या शेवटी कोणतेच चिन्ह नसते. पुढच्या आवृत्तीत विद्यासागरांनी शेवटी स्वर उच्चारायच्या शब्दांपुढे तारकाचिन्ह टाकले. मराठीत 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' वेगळा उच्चारला जातो, पण अक्षर एकच असते. त्यामुळे ही अडचण मराठी वाचकाला ओळखीची वाटेल.

अर्थ थांबवण्याचा निर्णय
पहिल्या भागात साधे शब्द, मग एकेक स्वरचिन्ह. दुसऱ्या भागात जोडाक्षरे, असा चढता क्रम आहे. दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत विद्यासागर शिक्षकांना सांगतात की, जोडाक्षरांच्या उदाहरणशब्दांची फक्त वर्णफोड शिकवावी, अर्थ शिकवण्याच्या खटपटीत पडू नये. दोन्ही एकदम केल्यास गुरू व शिष्य दोघांनाही त्रास होईल. पण नुसत्या शब्दयाद्या कंटाळवाण्या होतात हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून मध्ये मध्ये सहज समजणारे छोटे पाठ दिले. आज्ञाधारक गोपाळ, खोडकर राखाल आणि चोरीच्या वाटेने फासापर्यंत पोहोचलेला भुवन ही त्यांतलीच पात्रे.

मूल्यमापन
या पाठांतील नीतिबोध कठोर आहे. चांगले मूल म्हणजे निमूट मूल, असे त्यातून सुचते. १९३० मध्ये आलेल्या रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'सहज पाठ'ने वेगळी वाट धरली. त्यात अक्षरे लयबद्ध ओळींतून भेटतात आणि सोबत नंदलाल बोस यांची चित्रे आहेत. तेथे ध्वनी आणि चित्र यांतून अर्थ सुरुवातीपासूनच हजर असतो.

मात्र विद्यासागरांनी अर्थ नाकारला, असे म्हणणे चूक ठरेल. त्यांनी एका वेळी एकच ओझे मुलाच्या डोक्यावर ठेवले आणि अर्थासाठी वेगळे पाठ राखले. शब्दयाद्या घोकून घेतल्या आणि पाठ वाचून समजून घेतलेच नाहीत, तर मूल अक्षरे लावते, पण वाचत नाही. हा दोष क्रमाचा नसून, क्रमातील दुसरी पायरी गाळण्याचा आहे.

स्वाध्याय
१. पाठशाळेतील लेखनप्रधान पद्धत व 'वर्णपरिचय' यांची तुलना करा.
२. आपल्या मातृभाषेत उच्चार व लेखन कोठे जुळत नाहीत? अशा तीन जागा शोधा आणि त्या मुलांना कोणत्या क्रमाने शिकवाव्यात ते कारणासह लिहा.