पाताळगंगेचा हिशेब

विहिरीच्या कांठावर उभ्या असलेल्या मनुष्यास तिच्या भिंतीपलीकडचें पाणी दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं, त्याविषयीं कल्पना फार व ज्ञान थोडें, असें शतकानुशतकें चालत आलें. कोणी भूमीखालीं पाताळगंगा वाहते असें मानी, कोणी पाणाड्याच्या हातांतील काठीवर विश्वास ठेवी. मात्र हें अज्ञान केवळ अशिक्षितांचेंच होतें असें नव्हे.

इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढें फ्रेझियर विरुद्ध ब्राऊन हा खटला आला. शेजाऱ्यानें स्वतःच्या जमिनींत खड्डा खणल्यामुळें आपला झरा आटला, अशी वादीची तक्रार होती. न्यायालयानें दाद दिली नाहीं. भूमिगत पाण्याचा उगम व त्याची गति हीं इतकीं गूढ आहेत कीं, त्यांस कायद्याचे नियम लावणें जवळजवळ अशक्य, असा निर्वाळा त्यानें दिला.

आश्चर्य हें कीं, ज्या गतीला न्यायालय गूढ म्हणत होतें, तिचा नियम पांच वर्षांपूर्वींच छापून प्रसिद्ध झाला होता. फ्रान्समधील दिजाँ हें आंरी दार्सी या इंजिनियराचें जन्मग्राम. तेथें त्यानें १८४० सालीं सुमारें बारा किलोमीटर अंतरावरील रोझ्वार झऱ्याचें पाणी आणलें. पुढें पाणी वाळूंतून गाळण्याचा विचार करीत असतां त्यानें एक उभी लोखंडी नळी वाळूनें भरली, तींतून पाणी सोडलें आणि प्रत्येक वेळीं त्याचें मोजमाप केलें. पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. वाळूचा थर जितका लांब, तितका प्रवाह कमी. दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरील १८५६ च्या प्रचंड ग्रंथाच्या एका परिशिष्टांत हा साधा नियम दडून राहिला. दोन वर्षांच्या आंतच दार्सी निवर्तला.

या नियमाचा पुढील उपयोग अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यांतील चार्ल्स टाइस यानें केला. न्यू मेक्सिकोंत तो विहिरींची पाहणी करीत असे. पाणी उपसूं लागतांच विहिरीभोंवतीं पातळी फनेलासारखी खालीं जाते आणि तें फनेल दिवसेंदिवस रुंदावत जातें. तापलेल्या पत्र्यांतून उष्णता पसरते, तसेंच हें आहे, हें टाइसनें ओळखलें, एका गणितज्ञ मित्राचें साहाय्य घेतलें आणि १९३५ मध्यें त्याचें सूत्र मांडलें. त्यामुळें एका विहिरीच्या उपशानें शेजारच्या विहिरीची पातळी किती दिवसांत किती उतरेल, हें गणितानें सांगतां येऊं लागलें.

१९४० च्या लेखांत त्यानें याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली. विहिरींतून काढलेलें पाणी कोठेंतरी कमी झालेंच पाहिजे: सांठ्यांत, झऱ्यांत, अथवा नदींत. भूमीच्या पोटांत फुकट कांहींच नाहीं. शास्त्रज्ञाचा हा हिशेब कोणत्याही गृहिणीस सहज पटावा. पण समाजाला व कायद्याला तो पटावयास फार काळ लागला. ओहायोंतील न्यायालयानें आपला जुना निवाडा बदलला तो १९८४ मध्यें, म्हणजे दार्सीच्या ग्रंथानंतर एकशेंअठ्ठावीस वर्षांनीं.

या विलंबाशीं आपलाही संबंध आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानें, ठराविक प्रवाहांत न वाहणारें जमिनीखालचें पाणी आपल्या हद्दींत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकास दिला. महाराष्ट्रानें १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यावर निर्बंध घातला, तेव्हां विहिरींचें परस्परांशीं नातें असतें, ही गोष्ट कायद्यानें मान्य केली. परंतु कायद्यानें जें मानलें, तें प्रत्येक घरानें मानल्यावांचून झरे वांचावयाचे नाहींत. सातबाऱ्यावरील रेघ जमिनीवर थांबते; पाणी तिला ओळखत नाहीं.